गप्प बसण्याचा अभ्यासक्रम

रंगमंचावर प्रथमच उभ्या राहणाऱ्या मराठी नटाला पहिली अडचण संवादांची येत नाही, कारण संवाद त्याने पाठ केलेले असतात आणि ऐनवेळी विसरलेच तर विंगेतून कुजबुजणारा कोणी ना कोणी उभा असतो. त्याची पहिली अडचण दोन हातांची असते आणि हातांना विंगेतून कोणीच काही सांगू शकत नाही. घरून निघताना, बसमधला दांडा धरताना, अगदी मेकअपच्या खोलीत सदऱ्याची बटणे लावतानाही जे हात बिनतक्रार अंगाला जोडलेले होते, ते पडदा वर जाताच अनोळखी प्रवाशाने “जरा सांभाळा हं” म्हणून सोपवलेल्या दोन पिशव्यांसारखे होऊन जातात. मग नट ते आधी पाठीमागे नेतो, तेथे बरे दिसत नाहीत म्हणून छातीवर बांधतो, त्यात स्वामी विवेकानंदांचा भास होतो म्हणून एक कमरेवर ठेवून पाहतो आणि शेवटी दोन्ही खिशात घालतो. भूमिका मावळ्याची असेल तर खिसेही नसतात.

या व्याधीवरील उपचार म्हणून नाट्यशिक्षणात जो विषय शिकवला जातो त्यास आंगिक अभिनय, म्हणजे शरीराच्या अवयवांनी अर्थ पोहोचवण्याची कला, असे म्हणतात. आणि त्यातून शब्द पूर्णपणे वजा केले की जे उरते त्यास मूकाभिनय किंवा शिबिरांच्या बोलीत ‘माईम’ म्हणतात. मराठी रंगभूमीला या विषयाची निकड फार उशिरा भासली, याची कारणे ऐतिहासिक आहेत. संगीत नाटकांच्या काळात प्रेक्षक नाटक पाहण्याइतकेच किंबहुना अधिक ते ऐकायला जात असत, आणि पद गाणाऱ्या नटाचा एक हात तानेबरोबर आपोआप हलत असल्याने निम्मा प्रश्न परस्पर मिटत असे. पुढे दिवाणखान्यातील नाटके आली आणि उरलेला निम्मा प्रश्न सोफ्याने मिटवला, कारण त्या नाटकांत नायकाचे वडील प्रवेश करताच वर्तमानपत्र उचलत, नायिका चहाचा ट्रे घेऊन येई, टेलिफोन वाजे, फुलदाणी सरळ केली जाई, आणि अशा रीतीने नाटकातील सर्व हातांना तिन्ही अंकांत पूर्ण वेळ नोकरी मिळत असे. प्रायोगिक रंगभूमीने खर्च वाचवण्यासाठी आणि सौंदर्यदृष्टीसाठी, महत्त्वाच्या याच क्रमाने, सोफा, ट्रे, टेलिफोन आणि फुलदाणी एकाच फटक्यात काढून टाकली, त्याबरोबर हातांची एक संपूर्ण पिढी बेकार झाली, आणि तिच्या पुनर्वसनासाठी शाळांच्या सभागृहांतून, सतरंज्या गुंडाळून ठेवून, मूकाभिनयाचे वर्ग भरू लागले.

वास्तविक भरतमुनींनी या प्रश्नाची तजवीज फार पूर्वीच करून ठेवली होती. नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत: अंगाने होणारा तो आंगिक, वाणीने होणारा तो वाचिक, वेशभूषा आणि रंगभूषेने साधणारा तो आहार्य, आणि मनाच्या अवस्थेतून अंगावर आपोआप उमटणारा तो सात्त्विक, या शेवटच्या प्रकाराचा संबंध पुढे तोंडी परीक्षेशी येणार असल्याने त्याचे विवेचन तूर्त राखून ठेवणे इष्ट ठरेल. आंगिकाची मोजदाद तर भरताने तलाठ्यालाही लाजवील इतक्या बारकाईने केली आहे, कारण त्यात मस्तकाच्या १३ हालचाली, दृष्टीचे ३६ प्रकार, मानेचे ९, भुवयांचे ७, गालांचे ६, नाकाचे ६, एका हाताच्या २४ मुद्रा आणि दोन्ही हात जोडून होणाऱ्या १३ मुद्रा नोंदलेल्या आहेत. नाकाचे सहा प्रकार ही ओळ फळ्यावर लिहिली जाताच सर्व विद्यार्थी आधी एकमेकांच्या आणि मग संशयाने शिक्षकांच्या नाकाकडे पाहतात. प्रामाणिक प्रयत्नांती असे आढळते की सर्वसाधारण मराठी नाकाला मुरडणे ही एकच क्रिया सफाईने येते आणि तीही बहुधा दुसऱ्याच्या घरच्या लग्नातील जेवणासंबंधी. तर मराठी मस्तकाला तेरापैकी होकाराची, नकाराची आणि या दोहोंच्या मधली अशा तीनच हालचाली येतात, ज्यांपैकी तिसरीचा अर्थ ‘बघू’ असा होत असून तिच्यावर अनेक कार्यालयांचा कारभार वर्षानुवर्षे सुरळीत चालला आहे.

येथे एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे, तो असा की नाकाच्या सहा प्रकारांत एक ‘स्वाभाविक’ म्हणजे नाक जसे आहे तसे राहू देण्याचा आहे, भुवयांच्या सातांत एक ‘सहज’ आहे आणि गालांच्या सहांत एक ‘सम’ आहे. काहीही न करणे हाही एक स्वतंत्र प्रकार म्हणून भरताने यादीत घातला, यावरून तालमी पाहण्याचा त्याला दांडगा अनुभव असावा असे अनुमान निघते, कारण उरलेले सर्व प्रकार सरावाने थोडेफार जमतात, परंतु “आता नाक स्वाभाविक ठेवा” अशी सूचना मिळताच वर्गातील एकही नाक स्वाभाविक राहत नाही.

मूकाभिनयाच्या वर्गाचे पहिले आणि सर्वांत ठळक वैशिष्ट्य असे की तेथे अतोनात बोलले जाते. शिक्षक प्रारंभीच “शब्द हे नटाचे शत्रू आहेत” असे जाहीर करतात आणि पुढील पाऊण तास त्या शत्रूंची फौज वर्गावर सोडतात, मधूनच एखाद्या फ्रेंच नावाचा उच्चार करतात, तो चुकल्याची शंका येऊन पुन्हा करतात आणि दुसऱ्या वेळी तो वेगळा होतो. यात त्यांचा वैयक्तिक दोष मानता येणार नाही, कारण या परंपरेचे मूळच तसे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमधील फ्युनांब्युल या नाट्यगृहाला संवादांची नाटके करण्यास कायद्याने मनाई होती, त्यामुळे तेथील दब्यूरो (१७९६–१८४६) या नटाने पांढऱ्या चेहऱ्याचा, न बोलणारा पिएरो उभा केला आणि सरकारी बंदीतून एक कला जन्माला आली. बंदी उठल्यावर मात्र या कलेविषयी बोलण्याची जी उबळ आली ती आजतागायत शमलेली नाही. विसाव्या शतकात एतिएन दक्रू (१८९८–१९९१) यांनी चेहऱ्याऐवजी धडाला प्रमुख मानणारा, व्याकरणासारखा काटेकोर असा शारीर मूकाभिनय घडवला आणि त्याविषयी ते शुक्रवारी संध्याकाळी विद्यार्थ्यांसमोर व्याख्याने देत. त्यांचे जगप्रसिद्ध शिष्य मार्सेल मार्सो (१९२३–२००७) यांनी १९४७ मध्ये बिप हे पात्र निर्माण करून जगभरच्या प्रेक्षकांना निःशब्द केले, परंतु रंगमंचावरून उतरल्यावर ते स्वतः भरभरून बोलत असत. आणि १९७६ च्या ‘सायलेंट मूव्ही’ या मेल ब्रुक्स यांच्या चित्रपटात बाकी सगळी पात्रे मुकी असताना उच्चारला गेलेला एकमेव शब्द, ‘नाही’ या अर्थाचा, नेमका मार्सो यांच्याच तोंडी घालण्यात आला होता. मूकाभिनयावर लिहिणाऱ्या अभ्यासकांची गत याहून बरी नाही, कारण जे हाताच्या एका हालचालीत संपले असते ते सांगण्यासाठी त्यांना प्रकरणे आणि परिशिष्टे लागतात, आणि प्रस्तुत लेखाची लांबी पाहता त्यालाही अपवाद मानता येणार नाही.

विद्यार्थीही या बाबतीत मागे राहत नाहीत. शिक्षकांनी समोर अदृश्य भिंत आहे अशी कल्पना करण्यास सांगितले की संवाद साधारणपणे पुढीलप्रमाणे होतो:

“सर, भिंत कशाची आहे?”

“भिंत अदृश्य आहे.”

“ते कळलं सर, पण विटांची की प्लायवूडची?”

“कशाचीही समज.”

“मग टेकलं तर चालेल का?”

या भिंतीचे शास्त्र मुळात सोपे आहे, निदान वहीत लिहून घेताना तसे वाटते. त्याचा पाया ‘स्थिर बिंदू’ हे तत्त्व असून, त्यानुसार हवेत सैल आलेला पंजा भिंतीला लागताच क्षणात सपाट आणि ताठ होतो, आणि मग शरीर कितीही हलले, वाकले, बाजूला सरकले तरी तो पंजा अवकाशातील त्याच जागी राहतो. नसलेल्या भिंतीवर प्रेक्षकाचा विश्वास बसतो तो या न हलणाऱ्या हातामुळे. प्रत्यक्षात विद्यार्थ्याचे अंग स्थिर राहते आणि हात सरकतात, त्यामुळे भिंत बांधून झाली असे न वाटता ती पुसली जात आहे असे वाटते. उजव्या हाताखालची भिंत खांद्यापाशी आणि डाव्या हाताखालची वीतभर पुढे असते, शेजाऱ्याची भिंत हिच्यातून आरपार गेलेली असते, आणि महापालिकेच्या कोणत्याही नियमावलीत न बसणारे हे बांधकाम पूर्ण होण्यापूर्वीच बांधणाऱ्याला तहान लागते, तो स्वतःच्या भिंतीतून सरळ चालत जाऊन पाणी पितो आणि त्याच वाटेने परत येऊन पुन्हा भिंत चाचपू लागतो.

भिंतीनंतर वस्तूंचा पाठ येतो, आणि त्यात नियम असा आहे की वस्तूची जाडी बोटांमधल्या अंतराने, तिचे वजन गुडघे आणि विरुद्ध बाजूचा खांदा यांच्या कलाने, आणि ती खाली ठेवल्याची जाणीव बोटे स्पष्टपणे उघडण्याने द्यायची असते. यातील तिसऱ्या भागाचे विस्मरण सार्वत्रिक आहे. चहाचा अदृश्य पेला उचलताना मूठ पूर्ण मिटल्याने तो तेथेच चिरडला जातो, तरीही त्यातून तीन घोट घेतले जातात, नंतर त्याच हाताने डोके खाजवले जाते, आणि पेल्याचे पुढे काय झाले हे कोणालाच कळत नाही. पावसाच्या प्रसंगात छत्री उघडली जाते, परंतु मित्र भेटताच तिचा दांडा धरलेला हात हस्तांदोलनासाठी पुढे होतो आणि छत्री आकाशमार्गे निघून जाते. दार बाहेर ढकलून उघडले जाते आणि आत ओढून लावले जाते, किंवा बहुसंख्य प्रसंगी ते लावलेच जात नाही, त्यामुळे तासाच्या अखेरीस सभागृहात पंधरा-वीस अदृश्य दारे सताड उघडी राहतात. रस्सीखेचीच्या पाठात अदृश्य दोराच्या दोन्ही टोकांचे संघ एकाच वेळी मागे सरकत जातात, दोन्ही संघ जिंकतात, दोन्ही विजयाच्या आरोळ्या ठोकतात, आणि दोर सभागृहाच्या एका भिंतीपासून दुसरीपर्यंत ताणला जातो. इतक्या लवचिक दोराचे उत्पादन अद्याप कोठेही सुरू झालेले नाही.

रशियन दिग्दर्शक मेयरहोल्ड यांनी १९२० च्या दशकात विकसित केलेल्या ‘बायोमेकॅनिक्स’ या शरीरशिस्तीच्या पद्धतीतील एक तत्त्वही अशा वर्गांत हमखास शिकवले जाते, ते असे की कोणतीही मुख्य हालचाल करण्यापूर्वी तिच्या विरुद्ध दिशेने एक छोटी हालचाल करावी, म्हणजे ठोसा मारण्यापूर्वी हात मागे न्यावा आणि उडी मारण्यापूर्वी खाली दबावे, जेणेकरून प्रेक्षकाचे लक्ष वेळेवर तेथे पोहोचते. हे तत्त्व विद्यार्थ्यांना मनापासून आवडते, परंतु त्यातील ‘छोटी’ हा शब्द ते ऐकत नाहीत, त्यामुळे थप्पड मारण्याच्या पाठात मारणारा हात इतका मागे आणि इतक्या सावकाशपणे नेतो की तो परत येईपर्यंत मार खाणारा कंटाळून खाली बसलेला असतो, आणि ती थप्पड पलीकडे वही घेऊन उभ्या असलेल्या तिसऱ्याच विद्यार्थिनीच्या दिशेने जाते.

या सर्व गोंधळावर तोडगा म्हणून शिक्षक दुसऱ्या दिवशी मुखवटा काढतात. फ्रेंच दिग्दर्शक झाक कोपो यांनी तालमीत संकोचाने थिजलेल्या एका नटीच्या चेहऱ्यावर रुमाल टाकला आणि त्याबरोबर तिचे अंग मोकळे झाले अशी कथा सांगितली जाते, आणि याच वाटेने पुढे मूळचे व्यायामशिक्षक असलेले झाक लकॉक यांनी १९५६ मध्ये पॅरिसमध्ये शाळा काढून ‘तटस्थ मुखवटा’ हा आपल्या शिक्षणाचा पाया केला. तटस्थ मुखवट्यावर हसू नसते, दुःख नसते, वय नसते. तो घालणाऱ्याने भूतकाळ नसलेला, घाई नसलेला आणि कोणत्याही विषयावर मत नसलेला माणूस होऊन चालायचे असते. यांपैकी शेवटची अट पूर्ण करणारा इसम महाराष्ट्रात नमुन्यादाखलही उपलब्ध नसल्याने हा पाठ आरंभीच अडखळतो. मुखवट्याने चेहरा झाकला तरी अंग चुगली करतेच, आणि डोंबिवलीहून रोज लोकलने ये-जा करणारा विद्यार्थी ओसाड समुद्रकिनाऱ्यावर चालत असल्याची कल्पना करतानाही दोन्ही कोपरे बाहेर काढून आणि पाकिटावर हात ठेवून चालतो. मुखवटाधारी व्यक्ती तीन पावले चालताच प्रेक्षकांत बसलेले सहाध्यायी तिची ओळख पटवू लागतात, “हा बँकेतला”, “हिच्या घरी पाहुणे आलेत”, “याचं लग्न ठरलंय वाटतं”, आणि शेवटचे विधान खरे निघून मुखवट्याआडून लाजण्याचा आवाज येतो.

निसर्गाच्या पाठांतही यश याच प्रमाणात मिळते. “झाड व्हा” असे सांगताच सर्वजण हात वर करतात, त्यांपैकी वडाचे झाड पारंब्यांविषयी खुलासा मागते, नारळाचे झाड हात दुखत असल्याची तक्रार करते, आणि पाच मिनिटांच्या आत संपूर्ण जंगलाच्या फांद्या खाली येतात. सर्वांत उशिरा पोहोचणारा जिंकतो अशा संथ गतीच्या शर्यतीत स्पर्धक इतक्या निष्ठेने संथ होतात की शिक्षक बाहेर जाऊन चहा घेऊन परत येतात तरी पहिले पाऊल उचललेले नसते, आणि सभागृहाचे भाडे तासावर असल्याने शर्यत रखवालदार संपवतो. आरशाच्या पाठात समोरासमोर उभ्या असलेल्या दोघांपैकी एकाने हालचाल करायची आणि दुसऱ्याने प्रतिबिंब व्हायचे असते, परंतु मराठी भिडेमुळे दोघेही “आधी तू हल”, “नको, तूच हल” असा आग्रह करत निश्चल उभे राहतात. प्राण्यांच्या निरीक्षणासाठी पुण्यातील विद्यार्थ्यांना कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात पाठवले जाते, आणि तेथून आलेला एक तरी विद्यार्थी आपल्या पाळीत सतरंजीवर आडवा होऊन डोळे मिटतो. विचारणा होताच तो उत्तर देतो, “सर, वाघ दिवसभर असाच होता.” निरीक्षण अचूक असल्याने शिक्षकांना या उत्तराचा सैद्धांतिक प्रतिवाद करता येत नाही आणि वाघाला अर्धा तास झोपू द्यावे लागते.

पालकांचा दृष्टिकोन याहून व्यवहारी असतो. पाल्य शिबिरात काय शिकला याची चौकशी घरी होते तेव्हा “गप्प राहायला” असे उत्तर मिळते, आणि वडील चष्म्यावरून पाहत म्हणतात, “ते आम्ही बारा वर्षं फुकट शिकवत होतो.” यावर शिबिराचे संयोजक प्रमाणपत्राचा उल्लेख करतात. दोन दिवसांच्या निवासी कार्यशाळेअखेर, अल्पोपाहारासह, मिळणाऱ्या या प्रमाणपत्रात शरीरभाषेवर प्रभुत्व मिळवल्याचे नमूद असते, आणि त्याच कार्यशाळेत केरळ कलामंडलम् (स्थापना १९३०) येथील कथकली शिक्षणाची माहितीही दिली जाते, ज्यानुसार विद्यार्थी पहाटेपूर्वी उठून, डोळ्यांत तूप घालून बुबुळांचे व्यायाम करतात, गुरू पायांनी त्यांच्या अंगाचे मर्दन करतात, आणि अशी वर्षे गेल्यावर कोठे त्यांची एक भुवई दुसरीला न विचारता हलू लागते. ही माहिती ऐकून वर्ग काही काळ गंभीर होतो आणि मग मागच्या रांगेतून प्रश्न येतो, “सर, तुपाऐवजी आय ड्रॉप चालतील का?”

मराठी रंगभूमीने अंगाच्या भाषेत मोठी झेप घेतलीच नाही असे मात्र म्हणता येणार नाही. विजय तेंडुलकर यांचे ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ मध्ये जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आले, आणि त्यात रांगेत उभ्या राहिलेल्या ब्राह्मणांची जी भिंत झाली ती कृष्णदेव मुळगुंद यांच्या नृत्यरचनेत डोलली, वाकली, फुटली, पुन्हा सांधली गेली आणि पाहता पाहता पडदा, गर्दी आणि कारस्थान या सगळ्यांची कामे करू लागली. या भिंतीचा परिणाम इतका खोल झाला की त्यानंतर महाविद्यालयीन एकांकिकांत माणसांची भिंत, माणसांचे झाड, माणसांची रिक्षा आणि माणसांची लोकल यांची लाट आली, नेपथ्याचा खर्च शून्यावर आला, आणि ज्या विद्यार्थ्याला संवाद पेलत नव्हते त्याला खुर्ची म्हणून हमखास काम मिळू लागले. अशा एकांकिकेतील नायक सर्वांत सुखी असतो, कारण तो आपल्याच वर्गमित्रांवर बसतो, खुर्चीचे मात्र आईवडील पहिल्या रांगेत बसलेले असतात आणि “आमचा कुठला?” असे शेजाऱ्यांना विचारत असतात.

विद्यापीठांच्या युवा महोत्सवांत तर मूकाभिनयाची स्वतंत्र स्पर्धाच असते, आणि तिचे संकेत आता शास्त्रीय संगीताइतके पक्के झाले आहेत. काळे कपडे, पिएरोच्या परंपरेला स्मरून टाल्कम पावडरने पांढरे केलेले आणि घामाने पुन्हा मूळ रंगावर आलेले चेहरे, करुण बासरी, आणि भ्रूणहत्या, वृक्षतोड, व्यसनमुक्ती किंवा मोबाइल यांपैकी एक विषय, असा हा आकृतिबंध असून, शेवटी सर्वजण जमिनीवर पडतात आणि एकजण हळूहळू उठतो, ज्यावरून आशा शिल्लक असल्याचे समजावे. प्रेक्षकांना मात्र हा प्रकार शब्दकोड्यासारखा वाटत असल्याने अंधारातून “झाड!”, “नाही रे, बाई आहे!”, “मोबाइलचा टॉवर!” अशी उत्तरे येत राहतात. गैरसमज टाळण्यासाठी काही संघ आरंभी दोन मिनिटांचे निवेदन देतात, ज्यात पुढील चार मिनिटांत काय दिसणार आहे आणि त्यातून काय घ्यावे हे सविस्तर सांगितलेले असते, आणि परीक्षकही आपल्या मनोगतात विषयाची निवड, गटाची शिस्त आणि शब्दांविना व्यक्त होण्याची ताकद यांवर अर्धा तास बोलतात.

वस्तुतः ज्या समाजाला मूकाभिनय शिकवण्यासाठी हा एवढा खटाटोप केला जातो, तो समाज अभिनयाच्या या शाखेत मुळातच पारंगत आहे. पाहुण्यांसमोर पोह्यांची दुसरी बशी पुढे झाली असता आत पोहे उरलेले नाहीत, तेव्हा ‘नको’ म्हण, ही संपूर्ण माहिती मराठी आई एका पापणीच्या हालचालीत लेकराला देते, आणि त्याच क्षणी पाहुण्यांकडे वळलेल्या चेहऱ्यावर “घ्या ना, भरपूर आहेत” हा भाव कायम ठेवते. भरताच्या ३६ दृष्टींपैकी किमान चार येथे एकाच चेहऱ्यावर एकत्र नांदतात. वरातीतला काका दूरवरून नुसत्या हनुवटीने बँडवाल्याला गाणे बदलायला लावतो. नाट्यवर्गातील ज्या विद्यार्थ्याला तासभर खपूनही राग दाखवता आला नाही, तो चहाच्या सुट्टीत ताटलीतील शेवटच्या बटाटेवड्याकडे दुसऱ्याचा हात वळताच उजवी भुवई अशी काही उचलतो की तो हात वाटेतच दिशा बदलून स्वतःच्या रुमालाकडे जातो. हे दृश्य पाहून शिक्षक हर्षाने धावत येतात आणि नाट्यशिक्षणातील एक सनातन शोकांतिका घडते:

“आत्ता केलंस ना, तेच कर परत!”

“काय केलं सर?”

“भुवई!”

“कुठली?”

आणि त्यानंतर ती भुवई संपूर्ण अभ्यासक्रमात पुन्हा उठत नाही. तिला उठवण्यासाठी मालक कपाळाला आठ्या घालतो, कान हलवून पाहतो, दोन्ही भुवया एकदम वर नेतो आणि आश्चर्यचकित घुबडाच्या मुद्रेवर स्थिरावतो; शिक्षक आणखी एक वडा मागवून मूळ परिस्थिती पुन्हा निर्माण करण्याचा प्रयत्न करतात, परंतु आता तो वडा अभ्यासाचा भाग झालेला असल्याने त्याच्याविषयी कोणालाच काही वाटत नाही आणि तो शेवटी शिक्षकांनाच खावा लागतो.

अभ्यासक्रमाचा शेवट परीक्षेने होतो, आणि न बोलण्याच्या या विषयाला विद्यापीठीय प्रथेप्रमाणे लेखी परीक्षेबरोबर तोंडी परीक्षाही असते. बाहेरगावचे परीक्षक पंख्याखाली बसतात, समोर गुणपत्रिका ठेवतात आणि पूर्वी राखून ठेवलेला तो प्रश्न विचारतात: “सात्त्विक भाव किती आणि कोणते?” विद्यार्थ्याने हे पाठ केलेले असते, कालच केलेले असते, परंतु प्रश्न ऐकताच त्याचे सर्वांग जागच्या जागी ताठ होते, ज्यास शास्त्रात स्तंभ म्हणतात. कपाळावर आणि वरच्या ओठावर घाम फुटतो, हा स्वेद होय. “आठ,” एवढे तो कसाबसा म्हणतो आणि त्यातही आवाज चिरकतो, तो स्वरभंग. पुढचे नाव आठवत नाही हे ध्यानात येताच हातावरची लव उभी राहते, तो रोमांच. हातातील वही थरथरू लागते, तो वेपथू. चेहऱ्याचा रंग उतरतो, ते वैवर्ण्य. आणि “गेल्या वर्षीच्या मुलांनाही हेच विचारलं होतं” असे परीक्षक म्हणताच डोळ्यांच्या कडांना पाणी येते, तो अश्रू. केवळ हातपाय हलवून जे दाखवता येत नाही आणि ज्यासाठी मन हेलावावे लागते असे भरताने बजावले आहे, ते आठांपैकी सात भाव कोणत्याही मुखवट्याविना, पार्श्वसंगीताविना आणि दोन फुटांच्या अंतरावरून सादर होत असताना परीक्षक मात्र मान खाली घालून ‘उत्तर अपूर्ण’ असा शेरा लिहीत असतात. आठवा भाव प्रलय, म्हणजे शुद्ध हरपणे. तो विद्यार्थी निकालाच्या दिवशी सूचना फलकासमोर सादर करतो, परंतु तोवर परीक्षक प्रवासभत्ता घेऊन आपल्या गावी परतलेले असतात.